हजारो मेंदूंचे स्कॅन, एक सामायिक संगणक: मेंदूच्या एमआरआय डेटावर काम करायचे ऑनलाइन प्लॅटफॉर्म

सायली_न्यूरो

मागच्या आठवड्यात स्मृतिभ्रंशावरच्या धाग्यात दोन-तीन जणांनी विचारलं होतं, की "हजारो लोकांच्या मेंदूचे स्कॅन तपासले" असं बातमीत येतं तेव्हा ते तपासतं कोण, कशावर, आणि आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याला हे काम करता येईल का. उत्तर फार लांबायला लागलं म्हणून वेगळा धागा काढला. माझं रोजचं काम हेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी कामाचा आवाका. रेडिऑलॉजिस्ट स्कॅन डोळ्यांनी वाचतात: गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का. संशोधनात मोजमाप लागतं. मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे वरच्या करड्या थराची, जाडी सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. वयानुसार किंवा आजारात ती जी कमी होते ती मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशाने. हे नजरेला दिसत नाही. त्यासाठी फ्रीसर्फरसारखं सॉफ्टवेअर वापरतात. ते चित्रातली कवटी बाजूला काढतं, करडा आणि पांढरा भाग यांच्यातली सीमा शोधतं, सगळ्या वळ्यांसकट पृष्ठभाग उभा करतं आणि एकेका अर्धगोलावर लाखाहून जास्त बिंदूंपाशी जाडी मोजतं. एका माणसाच्या एका स्कॅनला, एका प्रोसेसर कोरवर, सहा ते दहा तास सहज लागतात. आठ धरले तर हजार माणसांचे आठ हजार तास. म्हणजे एक कोर रात्रंदिवस चालवून ३३३ दिवस. आणि हे फक्त रचनेच्या चित्राचं झालं. फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना घेतलेली चित्रं, घेतलं तर अमेरिकेच्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टमध्ये माणूस नुसता शांत पडून आहे अशा एका फेरीत ०.७२ सेकंदाला एक याप्रमाणे मेंदूची १२०० त्रिमित चित्रं घेतली आहेत, आणि प्रत्येकाच्या अशा चार फेऱ्या. एक फेरी न दाबता ठेवली तर दीड जीबीच्या पुढे जाते.

आता प्लॅटफॉर्म. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो कॅनडातला सीब्रेन. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन इव्हान्स यांच्या गटाने तो उभा केला. वापरणाऱ्याला दिसतं ते ब्राउझरमधलं एक पान. तुम्ही तिथे डेटा चढवता किंवा आधीच असलेला निवडता, सॉफ्टवेअर निवडता, त्याचं व्हर्जन निवडता, सेटिंग भरता आणि काम सोडता. मागे ते काम कॅनडाच्या सार्वजनिक सुपरकंप्युटरांपैकी एखाद्याच्या रांगेत जाऊन उभं राहतं. दोनशे स्कॅन एकदम चालले तर वरचं हजार माणसांचं काम चाळीस तासांत उरकतं. लॅपटॉप बंद करून झोपलात तरी ते चालू राहतं.

दुसरा ब्रेनलाइफ. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात फ्रांको पेस्टिली यांच्या गटाने सुरू केलेला. तिथे प्रत्येक प्रक्रिया म्हणजे एक छोटं 'अ‍ॅप', आणि एकाचं आउटपुट दुसऱ्याला जोडत साखळी करायची. तिसरा ओपनन्यूरो, स्टॅनफर्डचा. तो प्रामुख्याने डेटाचं कोठार आहे, हजाराहून जास्त डेटासेट, खातं न उघडता उतरवता येतात. ऑस्ट्रेलियातून आलेला न्यूरोडेस्क वेगळ्या धर्तीचा आहे: सगळं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट एका बंद पेटीत, बांधून ब्राउझरमध्ये तयार डेस्कटॉप देतो.

पण माझ्या मते या सगळ्याची खरी किंमत फुकटच्या कंप्युटरमध्ये नाही. २०१२ साली नेदरलँड्समधल्या एका गटाने तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या व्हर्जनवर चालवून पाहिले. मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक आला, जाडीत २.८ टक्के. व्हर्जन तेच ठेवून नुसता संगणक किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी साधारण त्याच्या निम्मा फरक. कित्येक आजारांत आपण शोधत असतो तो फरकच एवढा असतो! २०१५ मध्ये सीब्रेनशी संबंधित मंडळींनी हे आणखी खोलात जाऊन तपासलं. मूळ सापडलं लिनक्सच्या गणिती लायब्ररीत: सिंगल प्रिसिजन आकड्यांत घातांकासारखी साधी फंक्शन्स शेवटच्या एखाद्या बिटात वेगळं उत्तर देत होती, आणि लांबलचक पाइपलाइनमध्ये, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या पायऱ्यांच्या साखळीत, तो फरक वाढत वाढत पृष्ठभागापर्यंत पोचत होता.

म्हणून कुठल्या डेटावर, कुठल्या व्हर्जनने, कुठल्या सिस्टिमवर, काय सेटिंग ठेवून हे आकडे आले, याची नोंद माणसाच्या आठवणीवर किंवा वहीवर सोडून चालत नाही. चांगला प्लॅटफॉर्म ती आपोआप ठेवतो. दुसरा कोणी तीच वाट पुन्हा चालून बघू शकतो. मला हे विज्ञानाच्या प्रामाणिकपणाशी थेट जोडलेलं वाटतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

निशिगंध_४

वाचनखूण साठवली आहे. शेवटच्या बिटाची गोष्ट वाचून थक्क झाले.

कौस्तुभ_एस

छान लिहिलंय. मी क्लाउडवरच काम करतो, न्यूरोचा गंध नाही. एक शंका: हे सगळं डॉकर (कंटेनर चालवायचं साधन) आणि भाड्याच्या मशिनवर होत नाही का? वेगळा प्लॅटफॉर्म कशाला? हजार कामं सोडणारी स्क्रिप्ट एका दुपारचं काम आहे.

सायली_न्यूरो

कौस्तुभ, तुम्हाला दुपारचं आहे. न्यूरॉलॉजीत एमडी-डीएम करून संशोधनाकडे वळलेल्या डॉक्टरला किंवा मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला नाही. कंटेनर आतून वापरतातच. सीब्रेनमध्ये प्रत्येक साधनाचं वर्णन 'बुटीक्स' नावाच्या ठरलेल्या साच्यात लिहिलेलं असतं: इनपुट काय, पर्याय कुठले, कंटेनर कुठला. त्या वर्णनावरून ब्राउझरमधला फॉर्म आपोआप बनतो. म्हणजे तुमच्यासारख्याने साधन एकदा नीट बांधून दिलं, की पुढे शेकडो लोक ते टर्मिनल न उघडता वापरतात. तुमच्या कौशल्याची इथे खरंच गरज आहे.

पैशाचाही मुद्दा आहेच. भाड्याचं मशिन महिन्याच्या शेवटी बिल पाठवतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक फेलोशिपमध्ये असल्या बिलाला रकानाच नसतो.

पल्लवी_कोल्हापूर

ताई, मी एमएस्सीला आहे. कॉलेजच्या लॅबमधले संगणक आठ जीबी रॅमचे. गाइड म्हणाले, विषय चांगला आहे पण आपल्याकडे स्कॅनर नाही, डेटा नाही, म्हणून दुसरा घे. हे सगळं वाचून वाटतंय की करता येईल. सुरुवात कुठून करू?

सायली_न्यूरो

पल्लवी, करता येईल, आणि विषय सोडू नकोस.

ओपनन्यूरोवरून एक छोटा डेटासेट घे, वीस-तीस माणसांचा. संगणकाला हात लावण्याआधी फोल्डरची रचना नीट बघ. तिला बिड्स म्हणतात, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक माणसाचा एक फोल्डर, त्यात रचनेची चित्रं वेगळी, फंक्शनल वेगळी, आणि प्रत्येक फंक्शनल चित्राबरोबर एक छोटी मजकुराची फाइल, ज्यात स्कॅन कसा घेतला ते लिहिलेलं. ही शिस्त आल्यामुळेच एका प्रयोगशाळेचा डेटा दुसरीच्या पाइपलाइनला न सांगता कळतो. त्याआधी प्रत्येकाची नावं ठेवायची पद्धत निराळी असायची, आणि पीएचडी झालेला विद्यार्थी निघून गेला की त्याचा डेटा कुणाला उघडताच यायचा नाही.

मग न्यूरोडेस्क ब्राउझरमध्ये उघड आणि एकाच माणसावर प्रयोग कर. सगळ्या डेटाला हात घालू नकोस. हात बसला की सीब्रेन किंवा ब्रेनलाइफवर शैक्षणिक कामासाठी खातं माग. अर्जात गाइडचं नाव आणि कॉलेजचा ईमेल दे. फ्रीसर्फरचा परवाना फुकट आहे पण नाव नोंदवावं लागतं, तेही करून ठेव.

वाटसरू७२

मी संगणक क्षेत्रातून निवृत्त झालोय, पुण्यात असतो. दोन गोष्टी खटकल्या, त्या मोकळेपणाने लिहितो.

एक, पल्लवीला कॅनडाच्या दारात पाठवताय. राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशन २०१५ पासून चालू आहे. पुण्यातच आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ पासून परम ब्रह्म हा सुपरकंप्युटर आहे. असे सुपरकंप्युटर बनवणारी सी-डॅक इथलीच. मग आपल्या यंत्रांवर असं ब्राउझरमधलं पान का नाही?

दोन, सगळ्यांनी एकाच प्लॅटफॉर्मवरचं तेच साधन वापरलं तर त्यातली चूक सगळ्यांच्या निकालात एकदम शिरेल. विविधता हेसुद्धा संरक्षण असतं.

सायली_न्यूरो

काका, दोन्ही मुद्दे अगदी रास्त आहेत. दुसऱ्याचं आधी बोलते.

असं घडलंय. २०१६ मध्ये स्वीडनच्या आंदर्स एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी ४९९ निरोगी माणसांचा, सगळ्यांसाठी खुला असलेला डेटा घेतला. ही माणसं स्कॅनरमध्ये नुसती पडून होती, म्हणजे गटागटांत खरा फरक सापडायलाच नको. त्यांचे यादृच्छिक गट पाडून जवळपास तीस लाख तुलना केल्या. पाच टक्के खोटे निकाल अपेक्षित होते. प्रचलित पॅकेजेसमध्ये काही सेटिंगला ते सत्तर टक्क्यांपर्यंत गेले. आफ्नी या पॅकेजमध्ये एक बग पंधरा वर्षं तसाच राहिला होता, तोही तेव्हाच उघड झाला. वर्तमानपत्रांनी मग 'चाळीस हजार संशोधनं बाद' असा गजर केला. तो आकडा लेखकांनीच नंतर दुरुस्त केला, फटका त्याहून बराच कमी होता.

पण चूक सापडली कशामुळे, तर डेटा खुला होता म्हणून. प्रत्येकजण आपापल्या खोलीत बसला असता तर ती आणखी किती वर्षं राहिली असती कोण जाणे.

विविधतेचंही ऐका. २०२० मध्ये ७० संशोधक गटांना त्याच १०८ माणसांचा डेटा आणि तीच नऊ गृहीतकं दिली. कोणत्याही दोन गटांनी अगदी एकसारखी पद्धत वापरली नाही, आणि बऱ्याच गृहीतकांवर उत्तरं फाटली. म्हणजे विविधता तर आहेच, पण ती अंधारात असेल तर संरक्षण देत नाही. प्लॅटफॉर्मवर तोच डेटा तीन पाइपलाइनमधून काढून शेजारी शेजारी ठेवता येतो. तुमचं म्हणणं मी असं मांडेन: साधनं अनेक असावीत, नोंदवही एकच असावी.

पहिल्या मुद्द्यावर माझं मत तुमच्यासारखंच आहे. यंत्रं आहेत. नाही ती मधली पायरी: यंत्र आणि डॉक्टर यांच्यामध्ये उभे राहणारे, पगारावर ठेवलेले दहा-बारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. प्रकल्पाचा निधी यंत्राला मिळतो, अशा माणसांना मिळत नाही. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने आपल्या निरीक्षणांचा डेटा ठरावीक मुदतीनंतर जगाला खुला करायची पद्धत ठेवली आहे. खगोलशास्त्रात आपल्याला हे जमतं तर मेंदूच्या बाबतीत का जमू नये?

डॉ_मंजिरी

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. जमू नये असं मी म्हणत नाही, पण तारा आणि मेंदू यात फरक आहे हो. ताऱ्याची संमती लागत नाही.

माझ्याकडे स्कॅन घेऊन येणारा माणूस घाबरलेला असतो. सोबत मुलगा किंवा सून. फॉर्मवर सही कुठे करायची एवढंच विचारतात. अशा सहीच्या जोरावर त्यांचा मेंदू इंटरनेटवर ठेवणं मला पटत नाही. शिवाय स्कॅनरमधून निघणाऱ्या डायकॉम फाइलमध्ये नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलचा नंबर सगळं असतं. एका सेंटरने परिषदेतल्या सादरीकरणात पेशंटच्या नावासकट चित्रं दाखवलेली मी स्वतः पाहिली आहेत.

सायली_न्यूरो

डॉक्टर, तुम्ही बोललात हे फार बरं झालं. या धाग्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

नाव काढणं सोपं असतं. डायकॉमचं निफ्टी फाइलमध्ये (संशोधनात वापरतात तो साधा प्रकार) रूपांतर करताना बहुतेक माहिती गळते, उरलेली तपासून काढायची. पण नाव काढल्याने भागत नाही. रचनेच्या स्कॅनमध्ये माणसाचा चेहरा असतो: नाक, ओठ, कपाळ. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाने ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि साध्या चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यांच्या फोटोंशी जुळवायला दिले. ७० जण बरोबर ओळखले गेले. त्यामुळे डेटा खुला करण्याआधी चित्रातून चेहरा खोडावा लागतो, आणि तो खोडताना मेंदूचा पुढचा भाग कापला गेला नाही ना हे एकेका स्कॅनला डोळ्यांनी बघावं लागतं.

आणि डेटा खुला करणं हा एकच मार्ग नाही. ब्रिटनमधल्या युके बायोबँक या मोठ्या आरोग्य-अभ्यासाने २०१४ पासून स्कॅन घ्यायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये एक लाखाचा टप्पा गाठला. त्यांचा डेटा आता घरी नेता येत नाही. मंजुरी घेऊन त्यांच्या क्लाउडवर जायचं, तिथेच काम करायचं, फक्त निकाल बाहेर आणायचे. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाची पद्धत आणखी वेगळी आहे. तिथे प्रत्येक केंद्र ठरलेली पाइपलाइन स्वतःच्याच संगणकावर चालवतं आणि फक्त गोळाबेरीज पाठवतं. एकाही पेशंटचं चित्र हॉस्पिटलच्या बाहेर पडत नाही. ओसीडीवरच्या त्यांच्या कामात बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेचा डेटा याच वाटेने सामील झालाय.

डॉ_मंजिरी

हे एनिग्माचं मला पटतं. पण मग असंही विचारते, आपल्या लोकांचे स्कॅन तिथे नसले तर नेमकं बिघडतं काय? मेंदू तर सगळ्यांचा सारखाच.

निशाचर_माँट्रियल

मी उत्तर देऊ का? मी माँट्रियलमध्येच राहतो, इथल्या एका लॅबमध्ये प्रोग्रॅमर आहे.

जगभर मेंदूची चित्रं ज्या साच्यावर बसवून तुलना करतात, तो सगळ्यात जास्त वापरला जाणारा साचा माँट्रियलमध्ये बनला. १५२ तरुण, निरोगी माणसांच्या स्कॅनची सरासरी. एकाच शहरातली माणसं. कोल्हापूरच्या सत्तर वर्षांच्या आजींचा मेंदू त्यावर बसवायचा म्हणजे तो बराच ताणावा-दाबावा लागतो, आणि जिथे जास्त ताणला तिथे मोजमापाची खात्री कमी होते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने म्हणूनच १०० भारतीय तरुणांच्या स्कॅनवरून वेगळा साचा बनवला. निम्हान्सनेही वयोगटांनुसार साचे केलेत. पण वयस्कर लोकांचा, आणि त्यातही ग्रामीण भागातला, डेटा फारच थोडा आहे.

सायली_न्यूरो

+१. आणि संख्येचा प्रश्नही आहे. २०२२ मध्ये जवळपास पन्नास हजार लोकांच्या स्कॅनवरून दाखवलं गेलं, की बुद्धिमापन किंवा मानसिक लक्षणं यांचा मेंदूच्या रचनेशी असलेला संबंध इतका क्षीण असतो, की तो खात्रीने पकडायला हजारो माणसं लागतात. तोवरच्या अशा अभ्यासात माणसं असायची साधारण पंचवीस. एका कुठल्या हॉस्पिटलला हजारो जमवणं शक्य नाही. एकत्र आलो तरच होईल. आपल्याकडे सीवेडा या भारत-ब्रिटन प्रकल्पाने सात केंद्रांमधून ६ ते २३ वयाची मुलंमुली घेतली. इम्फाळपासून ऋषी व्हॅलीपर्यंत. म्हणजे करता येतं हे सिद्ध झालंय.

डॉ_मंजिरी

ठीक. मग संमतीपासूनच सुरुवात करू. माझ्या पेशंटना मी काय वाचून दाखवू? इंग्रजी फॉर्मचं सरकारी मराठी नको. मी एक मसुदा लिहिलाय, बघा:

"तुमच्या मेंदूची चित्रं तुमच्या उपचारासाठी काढली आहेत. तीच चित्रं, तुमचं नाव, पत्ता आणि चेहरा काढून टाकून, इतर संशोधकांना अभ्यासासाठी द्यायची आहेत. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काहीही फरक पडणार नाही. या अभ्यासाचा तुम्हाला स्वतःला लगेच फायदा होईल असं नाही."

वाटसरू७२

डॉक्टर, सुरेख. शेवटचं वाक्य लिहायला धैर्य लागतं. एक भर घाला: 'इतर संशोधक' म्हणजे कोण, देशातले की परदेशातले, आणि औषध कंपन्या त्यात येतात का. माझ्या पत्नीच्या आजारपणात आम्ही अशा एका फॉर्मवर सही केली होती, आणि नेमकं हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सायली_न्यूरो

काकांशी सहमत. आणखी एक अत्यंत महत्त्वाचं: मागे घेण्याचा हक्क. डेटा ओपनन्यूरोसारख्या ठिकाणी गेला आणि लोकांनी उतरवून घेतला, की तो परत बोलावता येत नाही. तिथला परवानाच कसलीही अट नसलेला आहे. एनिग्मासारख्या वाटेने गेला तर पुढच्या अभ्यासातून नाव वगळता येतं, छापून झालेल्या निकालातून नाही. पेशंटला हे दोन्ही वेगवेगळं सांगायला हवं आणि दोन वेगळ्या सह्या हव्यात. ओपन ब्रेन कन्सेंट नावाच्या प्रकल्पात अशा फॉर्मचे नमुने अनेक भाषांत ठेवले आहेत, ते बघून रचना घेता येईल. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा हेही एथिक्स कमिटीपुढे जाताना हाताशी ठेवा.

पल्लवी_कोल्हापूर

मध्येच विचारते, माफ करा. डेटासेट उतरवला, न्यूरोडेस्कही उघडलं. सरावासाठी सरांच्या ओळखीने मिळालेला एक जुना, नाव काढलेला स्कॅन स्वतः बिड्समध्ये मांडला. तपासणारं साधन सारखी तक्रार करतंय की दोन चित्रांमधला वेळ चुकलाय. मी स्कॅनच्या माहितीत होता तोच आकडा लिहिलाय, २०००.

निशाचर_माँट्रियल

पल्लवी, डायकॉममध्ये तो मिलिसेकंदात असतो, बिड्सला सेकंदात हवा. २ लिही. आणि हाताने लिहूच नकोस, डीसीएम-टू-निक्स हे साधन वापर, ते रूपांतर करतानाच ही फाइल बरोबर बनवून देतं.

पल्लवी_कोल्हापूर

झालं! हिरवं आलं. गाइडना स्क्रीनशॉट पाठवला, ते म्हणाले सोमवारी सारांश घेऊन ये.

कौस्तुभ_एस

सायलीताई, मी बुटीक्सचा साचा वाचला. चेहरा खोडून झाल्यावर प्रत्येक स्कॅनचं एक छोटं चित्र काढून डोळ्यांनी तपासायला एका पानावर मांडणारं साधन बांधायचा विचार आहे. फॉर्ममधली मदतीची वाक्यं मराठीतही ठेवतो. डॉक्टर, तुमच्याकडच्या टेक्निशियनना ते वापरता येईल असं हवंय. त्यांच्या संगणकावर विंडोज आहे की लिनक्स?

डॉ_मंजिरी

विंडोज, तेही जुनं, आणि इंटरनेट दुपारनंतर बरं चालतं. आधी एका नमुना स्कॅनवर करून दाखवा. सह्यांचे दोन वेगळे रकाने घालून फॉर्मचा मसुदा मी उद्या संध्याकाळी इथेच टाकते. काका, तुमचं औषध कंपन्यांचं वाक्य तुम्हीच लिहून द्या.